सहावी वस्तू

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ताई घरातून बाहेर पडली. वेळ पक्की आहे. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी तिला जिना उतरताना पाहिलं, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे नजर टाकली होती. ताईचं वय त्रेसष्ट. गेली दोन वर्षं तिच्या आठवणी एकेक करून निसटत चालल्या आहेत.

तिचा धाकटा भाऊ घरीच घड्याळं दुरुस्त करतो. चार वाजता त्याने चहासाठी हाक मारली, तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती.

जिन्याच्या तळाशी चमचा सापडला. पडलेला नव्हता, फरशीच्या बरोबर मधोमध ठेवलेला होता. गल्लीच्या वळणावर कंगवा. लाँड्रीच्या पायरीवर चष्मा, काड्या नीट मिटलेला.

"वस्तू टाकत चालल्यात की काय?" सव्वापाचला आलेल्या पोलीसबाईंनी विचारलं.

"टाकत नाहीये. खुणा करतेय."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. अडतीस वर्षांपूर्वी ताईने घरच्या संगणकासाठी एक खेळ लिहिला होता. संगणक टीव्हीला जोडायचा, खेळ कॅसेटवरून चढवायचा. चित्र एकही नाही, नुसती वाक्यं. 'तुम्ही एका खोलीत आहात. दारं चार.' पुढची खोलीही तशीच, त्याच्या पुढचीही. उत्तरेला जाऊन लगेच दक्षिणेला वळलं तरी माणूस भलतीकडेच निघायचा. म्हणून प्रत्येक खोलीत एक वस्तू ठेवायची, म्हणजे पुन्हा तिथे आलो तर कळतं. वस्तू सहाच, शेवटची दिवा. पोस्टाने एकसष्ट कॅसेट गेल्या आणि चिडलेली पत्रं आली. तुमच्या खेळाला शेवट आहे की नाही, एवढंच लोक विचारत होते.

"तुम्ही केलाय ना पूर्ण?"

"हो," तो म्हणाला. जिभेला सवय झाली होती.

पत्रं यायला लागली तेव्हा ताईने जेवण टाकलं होतं. अठरा वर्षांच्या भावाला काही सुचेना, तेव्हा त्याने ठोकून दिलं, मी पोचलो शेवटपर्यंत, झकास आहे. प्रत्यक्षात पाचव्या वस्तूनंतर त्याने हात टेकले होते. हल्ली ताई त्याला कधी कधी 'अहो' म्हणायची, पण ती थाप मात्र तिच्या डोक्यात शाबूत होती. रोज जेवताना विचारायची, "शेवटी काय दिसलं रे तुला?"

"तूच लिहिलंयस की बाई," म्हणून तो वेळ मारून न्यायचा.

आज दुपारी त्याच्या चिमट्यात केसासारखी बारीक स्प्रिंग होती. ताईने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं आणि स्प्रिंग उडाली.

"नाही आठवत मला. तूच जा आणि बघून ये एकदा."

"बरं," ताई म्हणाली.

पोलीसबाईंना त्याने हे सांगितलं नाही.

सहा वाजता बाहेर काळोख झाला. पोलिसांना बस थांब्यावर साबणाची डबी आणि पेट्रोल पंपाजवळ घराची किल्ली सापडली. पाच झाल्या. त्याने ड्रॉवर उघडला, टॉर्च नव्हता. मग माळ्यावरून संगणक काढला. दोन वेळा कॅसेट अडकली. तिसऱ्यांदा नऊ मिनिटं किंचाळून खेळ चढला. तो पाच वस्तू ठेवत गेला. हातात उरला फक्त दिवा. 'दिवा ठेव,' त्याने टाइप केलं.

'अंधार झाला.'

पुढे काहीच येईना. टेप गेली की खेळ संपला, कळायला मार्ग नव्हता.

सात वीसला पोलीसबाईंचा फोन आला. "टॉर्च मिळाला. मालधक्क्याच्या चौकात, जमिनीवर. चालू आहे." मागे डबे जोडल्याचा धडाका ऐकू आला. "इथून चार वाटा फुटतात. रूळ, कालवा, गोदामं, हमरस्ता. माझ्याकडे माणसं दोन. खेळात पुढे कुठे जायचं?"

"मी पूर्ण नाही केलेला."

"म्हणजे?"

"कधीच नाही. तिला थाप मारली होती. मघाशी तुम्हालाही."

"मग आत्ता करा," पोलीसबाई म्हणाल्या. "फोन ठेवू नका."

खेळाचा आणि या गावाचा काडीचा संबंध नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने चारही दिशा टाइप करून पाहिल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं. 'काही दिसत नाही.' बोटं थांबली. मग त्याने लिहिलं, 'ऐक.'

'जवळच पाणी वाहतंय.'

"कालवा," तो फोनमध्ये म्हणाला.

दोन्ही माणसं कालव्याकडे गेली. सव्वाआठपर्यंत दोन्ही काठ पाहून झाले होते. तिथे कुणी नव्हतं, चिखलात पाऊलही नव्हतं. तोवर तो पडद्यावर पाण्याच्या दिशेने चालत राहिला होता, आणि नवीन वाक्य आलं होतं.

'पाण्याचा आवाज मागे राहिला. दारं चार.'