लागोपाठ वाचायची तीन पुस्तकं

ग्रंथालयातल्या बाईंना वाचक त्यांच्या माघारी 'यादीबाई' म्हणत. दरवर्षी त्या वीस पुस्तकांची यादी काढत. विषय तीनच: इतिहास, राजकारण आणि युद्ध. कथा-कादंबरीला तिथे थारा नव्हता. प्रत्येक पुस्तकाखाली त्यांच्या दोन-तीन ओळी असत, आणि त्या इतक्या नेमक्या असत की काहीजण पुस्तकाला हात न लावता ओळीच पाठ करून चारचौघांत भाव खात. बाईंना ते कळायचं, पण त्या बोलायच्या नाहीत.

त्या वर्षी समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त वकील, काउंटरवर जाडजूड पुस्तक ठेवून म्हणाले, "हे यादीत पहिलं घ्या. कर्नलसाहेब स्वतः कार्यक्रमाला यायला तयार आहेत. असा माणूस आपल्याकडे येतो कधी?"

पुस्तकाचं नाव होतं 'पुलाचे सहा दिवस'. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका माघारीची ती हकिकत होती. कर्नल तेव्हा कॅप्टन होते. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडलं आणि एकशे त्रेचाळिसाव्या पानावर घास हातातच राहिला. 'शेवटच्या दिवशी माझा ड्रायव्हर गाडी सोडून पळाला. त्याला शोधण्यात तास गेला. अखेर गाडीत मावतील तेवढे जखमी घेऊन मीच पूल ओलांडला. तो तास वाया गेला नसता, तर पलीकडे राहिलेले एकतीस जवान आज जिवंत असते.' खाली ड्रायव्हरचं नाव होतं, आडनावासकट. ते बाईंच्या बाबांचं नाव होतं.

बाबांना सैन्यातून काढून टाकलं तेव्हा बाई सहा वर्षांच्या होत्या. पुढची सव्वीस वर्षं बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला जात होते. गल्लीत त्यांना 'पळपुट्या' म्हणत. आधी मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणायची, मग पोरं ओरडून म्हणायला लागली, आणि शेवटी तर त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवेना. बाबांनी कधी ब्र काढला नाही. ते नाव घेऊनच ते गेले.

बाईंनी डबा बंद केला, तोंडावर पाणी मारलं आणि अध्यक्षांना निरोप पाठवला, "पहिल्या क्रमांकावरच ठेवते."

कार्यक्रमाला तीन महिने होते. त्या सहा दिवसांबद्दल कुणीही कधीही काहीही लिहिलं असेल, ते सगळं बाईंनी धुंडाळायला घेतलं. दुसऱ्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली, जुन्या सूच्या चाळल्या. आणि पहिलं पुस्तक सापडलं ते त्यांच्याच मागच्या कपाटात. एका लष्करी डॉक्टरची रोजनिशी होती ती. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलीने छापून ग्रंथालयाला भेट दिलेली. तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता.

डॉक्टरांचं इस्पितळ नदीच्या अलीकडच्या काठावर होतं. पान एकसष्टवर त्यांनी लिहिलं होतं, 'ड्रायव्हरने आज तीन खेपा करून सतरा जखमी आणले. चौथ्या वेळी गाडी आली ती कॅप्टन स्वतः चालवत होते. मागे जखमी कोणी नाही, लोखंडी पेट्या. ड्रायव्हर कुठे, असं विचारलं, तर म्हणाले, पळाला. मग पूल उडवला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर वरच्या अंगाने नदी ओलांडून पायी आला. पायांची सालटी निघाली होती. मी मलमपट्टी करत असतानाच त्याला पकडून नेलं. माझी साक्ष कोणी विचारली नाही.'

बाईंनी ते पान चारदा वाचलं. रडू आलं नाही. पानाचा क्रमांक चिठ्ठीवर उतरवून त्या पुढच्या शोधाला लागल्या.

दुसरं पुस्तक समोरच्या सैन्यातल्या एका इंजिनिअरच्या आठवणींचं होतं. टेकडीवरून तो दुर्बिणीने पुलावर नजर ठेवून होता. पान दोनशे आठवर त्याने लिहिलं होतं, 'शेवटच्या गाडीत एकटा अधिकारी होता. मागे पेट्या रचलेल्या. पूल उडाला तेव्हा त्यांची माणसं अजून आमच्याच काठावर उभी होती.'

त्यांनी तिन्ही पुस्तकांच्या दहा-दहा प्रती जमवल्या. यादीत पहिलं कर्नलचं, दुसरं डॉक्टरांचं, तिसरं इंजिनिअरचं. खाली लिहिलं, 'ही तीन पुस्तकं लागोपाठ वाचावीत. पाने १४३, ६१ आणि २०८ सावकाश वाचावीत.' बस्स. अध्यक्षांनी पहिलं नाव बघितलं, खूश झाले आणि सही केली. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी यादी दारावर लागली. नेमाने येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाईंनी तिन्ही पुस्तकं एकदम दिली.

"एकदम तीन?" शिंपीकाकांनी विचारलं.

"वाचा तर खरं," बाई म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी सगळ्या खुर्च्या भरल्या. कर्नल पांढऱ्या मिशांचे, ताठ, आवाजात अजून जरब. अर्धा तास छान बोलले. मग अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितलं, आणि भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या.

"साहेब, शेवटच्या खेपेला तुम्ही किती जखमी आणलेत?"

"आकडा आता आठवत नाही. चार-पाच असतील."

"डॉक्टर लिहितात, एकही नव्हता."

"डॉक्टर दमलेले होते. आणि ते आज उत्तर द्यायला हयात नाहीत."

"पण टेकडीवरचा तो इंजिनिअर दमलेला नव्हता," शिंपीकाका बसल्या जागेवरून म्हणाले. "त्यालाही पेट्याच दिसल्या."

"त्या पेट्यांत महत्त्वाचे कागद होते," कर्नल आवाज चढवून म्हणाले. "ते शत्रूच्या हाती लागू देता येत नव्हते."

"म्हणजे पेट्या होत्या तर," शिक्षिका शांतपणे म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आपण काय बोलून बसलो ते कर्नलच्या ध्यानात आलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी यादीचा कागद उचलला. "ही यादी कोणी केली?"

बाई शेवटच्या रांगेत होत्या. त्या उभ्या राहिल्या. "मी. तुमच्या ड्रायव्हरची मुलगी."

कर्नलनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई मुद्दाम उभ्याच राहिल्या. ते माणसांच्या मधून वाट काढत, मान खाली घालून बाहेर पडले. तो सगळा वेळ बाईंनी त्यांच्यावरची नजर काढली नाही. इतकं समाधान त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी आईला समोर बसवलं आणि पान एकसष्ट वाचून दाखवलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू बारा वर्षांची असताना जेवताना भरल्या ताटावर विचारलंस त्यांना, 'तुम्ही पळालात ना?' पळालात का, असं नाही विचारलंस. त्या दिवसापासून ते म्हणायचे, तिला सांगून काय उपयोग, तिचं ठरलेलं आहे."

बाई आईच्या पायाशी बसल्या. कर्नलवरचा राग काही उणावला नाही, उलट वाढलाच. आपल्या दोषाचा हा वाटाही त्याच माणसाच्या खाती टाकायचा, असं त्यांनी ठरवलं. पण तो तिथे नीट बसेना.

दोन आठवड्यांनी कर्नलचा मुलगा काउंटरपाशी आला. पन्नाशीचा, थकलेला माणूस.

"बाबांचं तेवढं पुस्तक यादीतून काढा," तो म्हणाला. "हात जोडतो. ते घराबाहेर पडत नाहीत."

"माझे बाबा सव्वीस वर्षं रोज बाहेर पडत होते," बाई म्हणाल्या. "त्याच गल्लीतून."

"म्हातारे झालेत ते, बाई."

"शिफारस केलेलं पुस्तक आहे. वर्षभर राहील. लोकांना वाचू दे."

त्याने हळू आवाजात विचारलं, "ती डॉक्टरांची रोजनिशी आहे का आत?"

"दहाही प्रती बाहेर आहेत. आठ जण रांगेत आहेत. नाव लिहू?"

त्याने दाराकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं आणि नाव सांगितलं. बाईंनी ते नवव्या ओळीवर लिहिलं.