मांडीवरचं माप

खांब चार-चार इंच कापून गाडीचं छप्पर खाली बसवलं आणि बापलेक दोन पावलं मागे सरून, माना वाकड्या करून असे बघत उभे राहिले, की जणू घरात नवी नवरीच आली आहे.

"कशी दिसते?" लेकाने बायकोला विचारलं.

"कुणीतरी डोक्यावर बसल्यासारखी."

सासरे खो खो हसले. "सूनबाई, तेच तर हवंय! हॉट रॉड म्हणजे काय? जुनी दोन दारांची गाडी, पोटात दांडगं इंजिन आणि टोपी डोळ्यांवर ओढावी तसं छप्पर. झालं!"

सासऱ्यांची उभी हयात बसच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. ही गाडी त्यांनी एका खुराड्यातून सोडवून आणली, तेव्हा सीटखाली दोन अंडी निघाली होती. तेव्हापासून दीड वर्ष घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ठोकाठोक चालली होती. इंजिन मोडीत निघालेल्या टेम्पोचं, कष्ट मिस्त्रींचे, आणि सुट्टीच्या दिवशी हाताखाली लेक. बदल्यात मिस्त्रींचं मागणं एकच होतं. पहिली फेरी ठकीला घेऊन मारायची.

ठकी म्हणजे नात, दोन वर्षांची. आणि ठकीची आई म्हणजे द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणारी, मूल गाढ झोपलं तरी नाकापुढे बोट धरून बघणारी. गाडीचं इंजिन पहिल्यांदा गुरगुरलं तेव्हा घरभर आनंदीआनंद झाला, हिने मात्र ठकीला उचलून आत नेलं. तिने त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "ठकी मांडीवर बसणार नाही. तिच्या सीटमध्ये, पट्टा लावून." सासरे "हो, हो" म्हणाले होते. पुढच्या सीटमागे सामानाची अरुंद जागा होती, तिथे नवऱ्याने बाक बसवला, पट्ट्यासाठी सांगाड्याला जाड हूक वेल्ड केले. तिला वाटलं, चला, मिटलं.

आता ती आत जाऊन ठकीची सीट घेऊन आली. "बसवून तर बघू."

सीट आडवी करून दारातून आत घातली, बाकावर उभी केली, आणि ती अडकली. सीटची पाठ छपराला टेकली. मध्ये बोट जाईना.

"माप कसं घेतलं होतं?" तिने विचारलं.

बापलेक एकमेकांकडे बघू लागले. "बाबा मागे पाठ वाकवून बसले," नवरा म्हणाला, "ठकीला मांडीवर घेतलं आणि मी टेप धरला."

मिस्त्रींची ती पद्धतच होती. कागदावरच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता, बसणारा माणूस बसवूनच ते माप घेत. पण पोरांची जागा मांडीवर, हे डोक्यात इतकं मुरलेलं, की दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"अगं, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं," नवरा म्हणाला. "एकदाच घेऊ मांडीवर. मी नाही का स्कूटरच्या पुढ्यात उभा राहून मोठा झालो?"

"नाही." तिने अडकलेली सीट ओढून बाहेर काढली. "मला भित्री म्हणा, काहीही म्हणा. नाही."

सीट उचलून ती घरात आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला सासरे दिसत होते. स्टुलावर बसून, हात गुडघ्यांत घेऊन, छपराकडे बघत होते. ते आजवर तिला उलटून एक शब्द बोलले नव्हते. तेवढ्यानेच तिला जास्त रडू येत होतं. दीड वर्षाचा हट्ट तिने एका शब्दात मोडला होता. जाऊन सांगावं का, घ्या म्हणून? ती दारापर्यंत गेलीही. पाय पुढे टाकवेना.

तेवढ्यात ग्राइंडर किंचाळला.

ती धावत बाहेर आली. सासरे छपराच्या खांबांवरचे वेल्डिंगचे टाके कापत होते.

"बाबा, दोन महिन्यांचं काम आहे ते!" नवरा ओरडला.

"माझंच ना? मग मीच मोडतो." त्यांनी ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला. "काच अजून कापली नाही, हे नशीब. सूनबाई, ती सीट आण पुन्हा. चूक मिस्त्रीची आहे. बसणाऱ्याचं माप घेतलं, बसवणारीला विचारलंच नाही."

उरलेले टाके कापून झाल्यावर लेकाने छप्पर वर उचलून धरलं. तिने सीट बाकावर ठेवली.

"आता सांग," सासरे म्हणाले. "डोक्यावर किती जागा हवी?"

तिने सीटच्या पाठीवर बोटं आडवी धरली. "चार बोटं."

त्यांनी टेप तिच्या बोटांना लावला, तर्जनीपासून करंगळीपर्यंत. तीन इंच. मग स्वतःशीच म्हणाले, "आणि पोरगी वाढेल तेव्हा? नाही, चार बोटांत भागायचं नाही."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सतराशे साठ काळज्या करणारी ती, आजच्या दिवसापलीकडे पोहोचलीच नव्हती.

"बाबा, हात भरून आले!" छपराखालून नवरा म्हणाला. "तुमचं ठरेपर्यंत ठकी कॉलेजात जाईल."

कापलेले तुकडे पुन्हा खांबांत बसले. छप्पर होतं तिथेच गेलं, फक्त प्रत्येक खांबावर वेल्डिंगचे दोन-दोन जाड वळ राहिले. रंगारी आला तो हसतच सुटला. "मिस्त्री, छप्पर होतं की दाढी? कापलंत तर परत आलं!"

"तू रंग मार," मिस्त्री म्हणाले.

फेरीच्या दिवशी तिने ठकीचा पट्टा तीनदा ओढून पाहिला आणि तिच्याशेजारी अंग चोरून बसली. सासरे स्टिअरिंगवर, नवरा त्यांच्या बाजूला. एवढं दांडगं इंजिन, पण मिस्त्री गाडी अशी चालवत होते, की डोक्यावर भरली घागर असावी. फाटक गेलं, कोपरा आला. एक सायकलवाल्या आजीबाई घंटी वाजवत पुढे निघून गेल्या. सासऱ्यांचे डोळे रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त होते. ठकी टाळ्या पिटत होती.

तिने एक हात ठकीच्या पोटावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "पुढे बघा. आणि दुसरा गिअर टाकलात तरी चालेल."