शांभवीच्या तीन बोटांखाली

राजारामपुरीत त्र्यंबकचं फिजिओथेरपीचं क्लिनिक वीस वर्षांचं. शिरोलीच्या फाउंड्र्यांतली माणसं कंबर धरून यायची आणि ताठ चालत जायची. फक्त बायकोची, प्रमोदिनीची अर्धशिशी त्याच्यानं हटली नव्हती. सहा वर्षं तो तिची मान शेकत होता.

एक दिवस ती सहज म्हणाली, "दीड महिना झाला, डोकं दुखलं नाही."

"व्यायाम लागू पडले तर!"

"नाही हो. शांभवीकडे जातेय, कळंब्याला."

शांभवी जयसिंगपूरची. चार वर्षं त्याच्याच हाताखाली होती. तेव्हा तिचा अर्धा चेहरा लुळा पडला, चहा ओठातून गळायचा. त्र्यंबकनं महिनाभर उपचार केले. मग ती पुण्यात एका सुया टोचून उपचार करणाऱ्या ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे गेली, चेहरा पूर्ववत झाला आणि नोकरी सोडून ती त्यांच्याचकडे शिकायला राहिली. पुढं दोन वर्षं चीनमध्ये शिकून आली आणि कळंब्याला तिनं स्वतःचं क्लिनिक काढलं. "चेहरा आपोआपच सुधारणार होता," असं त्र्यंबक तेव्हा सगळ्यांना सांगायचा.

आता तो वेगळंच सांगू लागला. पेशंटचा खांदा दाबता दाबता म्हणायचा, "तिथं सुया परत परत वापरतात म्हणे." त्यानं ते कुणाकडून ऐकलं नव्हतं.

तरीही प्रमोदिनी दर गुरुवारी जात राहिली. शेवटी एका दुपारी तो स्वतः कळंब्याला गेला. शांभवीसमोर त्याचाच जुना पेशंट आकाराम बसला होता.

"सर बसले तर चालंल?" शांभवीनं आकारामला विचारलं.

"बसू देत की."

तिनं तीन बोटं आकारामच्या मनगटावर ठेवली आणि कितीतरी वेळ नाडी बघितली. मग जीभ बघितली. मग प्रश्न: झोप कधी मोडते? जेवण गोड लागतं का? घरात कुणाशी बोलणं बंद हाय काय?

"थोरल्या भावाशी," आकाराम म्हणाला. "दोन वर्सं झाली."

त्र्यंबकनं तीन वर्षं या माणसाचा खांदा हाताळला होता. आकारामला भाऊ आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

शांभवीनं सुयांचं नवं पाकीट फोडलं. आकाराम त्र्यंबककडे वळला. "सर, तुमी तर म्हणालता सुया वापरलेल्या असत्यात. ह्या तर दर टायमाला डोळ्यासमोर पाकीट फोडत्यात."

शांभवीचा हात थांबला. तिनं त्र्यंबककडे पाहिलं.

"खोटं सांगितलं मी," त्र्यंबक म्हणाला.

आकाराम गेल्यावर त्यानं विचारलं, "सुईनं खरंच डोकं दुखायचं थांबतं?"

"सुईनं किती आणि विचारपूस केल्यानं किती, मला बी ठरवता येत न्हाय, सर. पुण्याच्या बाई सांगायच्या, आधी नाडी, मग माणूस, सुई शेवटी."

"प्रमोदिनी काय सांगते तुला?"

"ते त्यांनाच विचारा."

शांभवीच्या जागी एखादा पुरुष असता, तर हा मत्सर त्याला निदान कुणाला सांगता आला असता. तीन बोटांचा मत्सर कुणाला सांगणार?

संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या प्रमोदिनीजवळ तो बसला. "तिला काय सांगतेस?"

"आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही मान धरायचा आणि डावीकडे बघ, उजवीकडे बघ म्हणायचा."

"मग आता सांग."

तिनं थोडं सांगितलं. मग ती थांबली.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं गुरुवारी," ती म्हणाली. "तिच्याकडे."

त्यानं होकारार्थी मान हलवली. आतून जळत होतं, तरी तो उठला नाही, मेथीची जुडी पुढ्यात ओढून निवडू लागला.