भिंतीखालचं मडकं

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे. खरं सांगायचं तर मडक्याचं नुसतं बूड. वरचं अंग कधीच गेलं. तरी उरलेल्याचा तोरा मला आहे, अगदी माणसांसारखा.

चंद्रपूरचा परकोट, म्हणजे गावाभोवतीची भिंत, उभा राहिला त्याच्या कितीतरी आधी मी एका घराच्या कोपऱ्यात अर्धं पुरलेलं होतं. घरची बाई माझ्यात तांदूळ ठेवी. दारात पाहुणा दिसला की आधी माझ्यावर झाकण घाली, मग हसे. पुढे घर पडलं. गवंड्यांनी परकोटाच्या पायाचा दगड माझ्यावर बसवला. तेव्हापासून गाव म्हणजे भिंतीच्या आतलं, असं ठरलं. बाहेर राहणाऱ्यांना आतले लोक ‘मागून आलेले’ म्हणू लागले. आजही म्हणतात.

काही वर्षांपूर्वी उत्खननाच्या नीलिमा मॅडमनी भिंतीला बाहेरून लागून खड्डा घेतला. जुन्या घराची जमीन उघडी पडली, पण ती भिंतीच्या अलीकडेच तुटलेली. पायाच्या दगडाखाली अर्धं शिरलेलं असं एकटं मीच. बाहेरची वस्ती भिंतीच्या आधीची, याचा पुरावा मी! दुसऱ्या दिवशी पाहणीला खात्याचे साहेब येणार होते. पटलं तर जागा राखली जाणार, नाहीतर तिथं दुकानांचे गाळे. उजेड उतरला म्हणून फोटो आणि नकाशा सकाळवर ठेवले. शिकलेली माणसं बरंच काही सकाळवर ठेवतात.

सकाळी सगळ्यांच्या आधी धुरपता आली. बाहेरच्याच वस्तीतली ही मजूर बाई, हात फार हलका. पाहुणे यायचे आणि घराची जमीन धुळीनं भरलेली, हे तिला बघवेना. तिनं घमेलंभर शेण कालवलं. कोपऱ्यात मी आडवं आलं. खुरप्यानं माती मोकळी करून तिनं मला अलगद ओढलं, पुसलं, काठावर ठेवलं. खळगा बुजवला आणि सारी जमीन देखणी सारवली.

मॅडम आल्या आणि त्यांनी मला काठावरून उचललं.

“काऊन केलं गं असं?”

“मले घर दिसलं, म्याडम. पाहुणे येऊन राह्यले होते ना.”

साहेबांनी मी दगडाखाली असतानाचा फोटो मागितला. नव्हता. मॅडमनी सांगून पाहिलं. मग धुरपताच पुढे झाली.

“भिंतीखालतंच होतं, साहेब. म्या माह्या हातानं काहाडलं.”

“तुम्ही बाहेरच्याच वस्तीतल्या ना, बाई? तुम्ही तसंच म्हणणार,” साहेब हसले. जाताना सारवण छान झालं म्हणाले.

खड्डा बुजला. आता तिथं गाळे आहेत. मी संग्रहालयाच्या कपाटात आहे, स्वच्छ धुतलेलं. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘परकोटाजवळ सापडलेले’. धुरपता वस्तीत अजून सांगत असते. तिला खोटी कोणी म्हणत नाही, नुसते हसतात.

मित्रांनो, जमिनीत माझ्यासारखं कोणी दिसलं तर प्रेमानंसुद्धा उचलू नका. असेल तसं राहू द्या आणि जाणत्या माणसाला हाक मारा. आणि धुरपता खरं बोलते, एवढं तुम्ही तरी लोकांना सांगा. जागेवरून हलल्यावर मला आता ते सांगता येत नाही.