लाल आणि निळ्या रेघेची भेट

आलेखबाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि टेबलावर पसरलेली ती साडेचार मीटरची गुंडाळी. सांख्यिकी कार्यालयात तिला सगळे ‘बाईंचं लेकरू’ म्हणत. एकतीस वर्षं बाईंनी त्या आलेखकागदावर रंगीत पेन्सिलींनी दोन देशांचा चालू खर्च रेखला होता. चालू खर्च म्हणजे पगार, पेन्शन, डागडुजी, कागद-शाई, वर्षाच्या आत संपून जाणारा सगळा सरकारी खर्च. देशाच्या उत्पन्नाच्या शंभर भागांतले किती भाग त्यात गेले, ते मोजायचं. आपली रेघ निळी, शेजारच्या देशाची लाल.

लाल आकडे पाठवायचे पलीकडच्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयातले साहेब. दरवर्षी पोस्टानं तक्ता, त्याखाली जुन्या आकड्यांच्या दुरुस्त्या, आणि सगळ्यात खाली पेन्सिलीनं एखादी चौकशी. ‘गुडघा काय म्हणतो?’ ‘धाकटीला नोकरी लागली का?’ दोघं कधी भेटली नाहीत, पण साहेबांच्या मांजराचं वयसुद्धा बाईंना पाठ होतं. काय दिवस होते ते! आता तक्ते संगणकावर येतात, आणि संगणक मेला गुडघ्याची चौकशी करत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी दोन्ही रेघा एका ठिपक्यात भेटल्या. बावीस आणि बावीस. त्या दिवशी साहेबांनी चक्क फोन केला. “बाई, आलो की हो आपण एका जागी!” बाई महिनाभर हवेत होत्या. पुढच्याच वर्षी आपल्या देशाचा सुधारित आकडा आला: बावीस नव्हे, तेवीस. वार्षिक पुस्तकात तो छापला गेला. गुंडाळीवर मात्र बाईंनी तो चढवला नाही आणि साहेबांनाही कळवला नाही. भेट मोडायला हातच धजेना. उभ्या नोकरीत केलेली एवढी एकच लबाडी. चार वर्षांपूर्वी साहेब गेले आणि सांगायचं राहूनच गेलं.

आज गुंडाळी दप्तरखान्यात जायची होती. त्याआधी बाईंच्या जागी येणारी चष्मेवाली एकेक ठिपका दोन्ही देशांच्या वार्षिक पुस्तकांशी ताडून बघत होती. बाई सकाळपासून तिचं सरकणारं बोट बघत होत्या.

“बाई, हा ठिपका चुकलाय.”

बोट नेमकं तिथंच.

“माहितीये मला,” बाई म्हणाल्या. “आपला आकडा तेवीस होता. मीच दाबून ठेवला. खोडा आता.”

“आपलं पुस्तक मी अजून उघडलंच नाहीये. मी त्यांचं बघतेय. त्यांचाही नंतर तेवीस झालाय. तुम्हाला कळवलं नव्हतं त्यांनी?”

बाईंनी लगबगीनं कपाटातून साहेबांचं त्या भेटीनंतरच्या वर्षीचं पत्र काढलं. दुरुस्त्यांच्या नऊ ओळी होत्या, त्यात ते वर्ष नव्हतं. दशांशाची चूक न सोडणारा माणूस एक आख्खा भाग गिळून बसला होता. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘आपला ठिपका भिंतीवर लावलाय. रोज बघतो.’

“लबाड कुठले!” बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. “अहो, सांगायचं तरी!” मग हळूच म्हणाल्या, “मी तरी कुठं सांगितलं म्हणा.”

चष्मेवालीनं खोडरबर पुढं केलं. बाईंनी दोन्ही रेघा तेवढ्यापुरत्या खोडल्या आणि एक घर वर नव्यानं काढल्या, आधी निळी, मग लाल. ठिपका पुन्हा एकच झाला. बाईंचा हात सवयीनं फोनकडे गेला. साहेबांचा नंबर अजून तोंडपाठ होता. चार आकडे फिरवल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला.