पिशवीतले दोन महिने

हुश्श! मित्रांनो, आत्ताच माझ्या पोटात नवी गाळणी बसली आणि मी हवेचा पहिला घोट घेतला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मी एक जुना एअर प्युरिफायर आहे. सेलूला जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, मागच्या गल्लीत, सिद्धोधन मास्तरांच्या घरी खिडकीपाशी उभा असतो. अंग पिवळं पडलंय, बटण दोनदा दाबावं लागतं. प्युरिफायर म्हणायला जिभेला त्रास होतो म्हणून घरात मला ‘हवेची पेटी’ म्हणतात. म्हणू द्या. इथवर पोहोचायला मी कसले दिवस काढलेत, ते माझं मला माहीत.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. माझी रचना साधीच आहे. पुढच्या झाकणाआड धुता येणारी मोठी जाळी, तिच्या आत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी आणि मागे पंखा. जाळी मोठा कचरा अडवते, गाळणी डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ धरते. कारखान्यात मला वाटायचं, आपण एखाद्या मोठ्या शहरात काचेच्या घरात जाणार. पण ‘बनी तो बनी, नाही तर परभणी’ म्हणतात ना, तसा मी परभणीच्या बाजारात रुख्मिणीताईंच्या दुकानात येऊन पडलो. एका बाजूला कूलर, दुसऱ्या बाजूला मिक्सर. गिऱ्हाईक यायचं, माझ्यावर टिचकी मारायचं आणि विचारायचं, “हे गार करतंय का?” ताई म्हणायच्या, “न्हाई, हवा साफ करतंय.” की झालं, गिऱ्हाईक कूलरकडे वळायचं. वर्षभरात माझ्यामागे पालीनं संसार थाटला, पण मला कुणी नेलं नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी सिद्धोधन मास्तर आले. चेहरा उतरलेला होता. त्यांची आई मालनबाई हिनं तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस वेचून साफ करण्याचं काम केलं होतं. आता जिनिंग सुरू झालं की तिची छाती भरून यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध चालू ठेवा, पण घरातली धूळ कमी झाली नाही तर हंगामाचे चार महिने त्यांना दुसऱ्या गावी ठेवा. राणीसावरगावची लेक न्यायला तयार होती. मालनबाई मात्र हटून बसली होती. “माझं घर, माझी गल्ली सोडून मी लेकीच्या दारात जाऊन बसू? न्हाई जायची!”

मास्तरांनी थेट माझ्या शेजारच्या काळ्या, चकचकीत पेटीवर बोट ठेवलं. तिला रंगीत दिवे होते आणि धुराचा वास ओढायला पोटात कोळशाचा जाड थर होता. तिचा तोरा काय वर्णावा! मास्तर म्हणाले, “ताई, हीच द्या. मोबाईलवर बघितलंय, मोठ्या शहरात सगळे हीच घेयलेत.”

“मोठ्या शहरात धूर हाय, दादा. तुमच्या घरात काय येतंय?”

मास्तरांनी मोबाईल पुढे केला. “हे बघा, हवेचा आकडा. हिरवा दाखवायलाय. हवा चांगली म्हणतंय, अन् माय तर खोकून खोकून बेजार हाय.”

रुख्मिणीताईंनी चष्मा वर करून आकड्याखालची बारीक अक्षरं वाचली. “हे तर कुठल्या लांबच्या गावचं नाव हाय. तिथलं यंत्र तुमच्या खिडकीत येऊन मोजतंय का? असं करा, आज काही घेऊ नका. उद्या एक काळं फडकं खिडकीत पसरून ठेवा, दिवसभर. मग तसंच घडी घालून घेऊन या. अन् खोलीची लांबी-रुंदी पण मोजून आणा.”

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली!

तिसऱ्या दिवशी मास्तर रेल्वेनं परत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं फडकं त्यांनी काउंटरवर उघडलं. त्यावर पांढऱ्या तंतूंचं पातळ अंथरूण होतं. ताईंनी तंतू बोटानं बाजूला केले, तर खाली राखाडी, पिठासारखी धूळ. “घ्या, हाच तुमचा आकडा,” त्या म्हणाल्या. “कापूस जाळीवर अडकला पाहिजे अन् जाळी रोज धुता आली पाहिजे. ही बारीक धूळ आतली गाळणी धरील. कोळशाचं तुमाला काय काम? त्या काळ्या पेटीची जाळी एवढीशी हाय, कापूस आठ दिवसांत तिचा गळा धरील. तुमच्या खोलीला ही पांढरी पेटी पुरते.”

मित्रांनो, ही पांढरी पेटी म्हणजे मी! माझी छाती फुगली. काळीचा तोरा तिथंच उतरला.

घरी माझं मोठं कौतुक झालं. मास्तरांनी मला पुढून उघडलं. गाळणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. ती काढायला त्यांनी हात घातला, तर त्यांची बायको सुकेशनी ओरडली, “अहो, राहू द्या की! नवी कोरी हाय, मळंल.” तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? त्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये, फ्रीजचं हँडल प्लॅस्टिकमध्ये, सोफ्यावरचं कव्हर तीन वर्षांनंतरही तसंच. मास्तरांनी गाळणी पिशवीसकट आत ढकलली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

आता तुम्हीच सांगा, तोंडाला पिशवी बांधून कुणी पळू शकेल का? मी जीव तोडून ओढायचो. पंखा गरगरायचा, आवाज मोठा व्हायचा आणि आत येणार काय? कडेनं शिरेल ती फुंकरभर हवा. तिकडे जिनिंग जोरात सुरू झालं. मालनबाई रात्रंदिवस खोकायची आणि मला तिच्या खाटेशेजारी उभं राहून ते ऐकावं लागायचं. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठलं! शेजारची बायनाबाई यायची, माझ्याकडे बघून म्हणायची, “नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! नुसती घरघर करतीय मेली.” मला भारी लागलं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दोन महिने गेले. शेवटी मास्तरांनी डोळे पुसत सांगितलं, “माय, आता ऐक. रविवारी मी तुला राणीसावरगावला सोडतो.” मालनबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. शुक्रवारी तिची लुगडी पिशवीत भरली गेली. बायनाबाई जयभीम घालायला आली आणि पदर तोंडाला लावून परत गेली. मी ते पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली.

शनिवारी सकाळी मालनबाई उठली. रिकामं बसणं तिला जमतच नाही. म्हणाली, “जायच्या आधी हिची जाळी तरी धुऊन ठेवते.” दोन महिन्यांत कुणी न उघडलेलं माझं झाकण तिनं काढलं. जाळीवर चिमूटभर कापूस. तिनं भुवया ताणल्या. “सुकेशनी, उंबऱ्यातून रोज मूठभर कापूस झाडतीस, अन् हिच्या जाळीवर दोन महिन्यांत एवढाच?” मग तिनं आत वाकून पाहिलं. गाळणी दुधासारखी पांढरी. “तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलीत मी. कामाला लावलेली जाळी कधी पांढरी राहत न्हाई. ही पेटी जेवलीच न्हाई गं!” तिनं बोट लावलं. चर्र चर्र वाजलं. प्लॅस्टिक!

मग मालनबाई अशी हसली की खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसली. सुकेशनी रडकुंडीला आली. “आत्या, माझ्यामुळं झालं वो हे.”

“उगी, उगी. जपायला गेलीस ना? आता फाड ती पिशवी.”

सुकेशनीनं टरकन पिशवी फाडली. गाळणी बसली, बटण दाबलं आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला! दुपारी जिनिंग चालू असताना खिडक्या बंद ठेवल्या. संध्याकाळपर्यंत जाळीवर कापसाची गोधडी तयार झाली. त्या रात्री मालनबाई दोनदाच खोकली. मी मोजलं.

रविवारी मास्तर लुगड्यांची पिशवी उचलायला आले, तर ती खुंटीवर रिकामी. लुगडी पुन्हा ट्रंकेत गेली होती. मालनबाई म्हणाली, “लेकीला फोन कर. म्हणावं, चार दिवस पाहू, मग बोलू.” चार दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा हंगाम झाला. औषध आजही चालू आहे, पण राणीसावरगावला ती आता फक्त नातवंडांना भेटायला जाते. बायनाबाई माझी जाळी धुवायला मदत करते आणि मला ‘मेली’ म्हणत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. हवेची पेटी घ्यायची झाली तर लांबच्या गावचा आकडा पाहून घेऊ नका, आधी आपल्या खिडकीत काळं फडकं पसरा. जाळी धुवा, पण कागदाची गाळणी कधी पाण्यात घालू नका, भरली की बदला. आणि वस्तूला जीव लावायचा तर तिला कामाला लावा.

आज सकाळी नवी गाळणी आली तेव्हा घरातले सगळे माझ्याभोवती जमले. दरवर्षी जमतात. मालनबाईनं खाटेवरूनच विचारलं, “फाडली का गं?” सुकेशनीनं फाटलेली पिशवी उंच धरून दाखवली. “फाडली, आत्या.”

“मग लाव,” मालनबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निवांत झोपली.