रोज एक वाटी ग्राउट

परदेशी जाण्याच्या आदल्या दिवशी मुलाने आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर नव्या टाइल्स बसवल्या. फटींमध्ये ग्राउट भरायचं ते टाइल्स घट्ट बसल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला निघायचं होतं. फटी उघड्याच राहिल्या.

तिकडेही तो लोकांच्या घरी टाइल्सच बसवत होता. रविवारी फोन यायचा. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? चल, ठेवतो." तिचं 'हो' तोंडातून निघेपर्यंत फोन बंद.

फटींत साखर सांडून मुंग्या झाल्या, तेव्हा शेजारी राहणारी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, आता भरूनच टाका. मुंग्यांनी संसार थाटलाय."

तिने दुकानातून रंगांचे नमुने आणले आणि मुलाला फोन लावला. कामाच्या वेळी तो उचलायचा नाही. आज उचलला.

"आई, काय झालं गं?"

"काही नाही रे. ग्राउट कुठल्या रंगाचं घेऊ? पांढरं छान दिसतंय."

"पांढरं? स्वयंपाकघरात? महिन्याभरात काळं होईल. राखाडी ठेवून बघ. खिडकीपाशी नको, ओट्याखाली बघ, अंधारात."

ती खाली बसली, नमुना ठेवला, बघितला. तो तिकडून विचारत राहिला, ती सांगत राहिली. राखाडी ठरलं. फोन ठेवला तरी ती ओट्याखालीच बसून होती. कितीतरी दिवसांनी तो इतकं बोलला होता.

सकाळी देवापुढे दिवा लावताना ती रोज एकच म्हणायची : आज माझ्या तोंडून खोटं निघू नये. त्यामुळे काही काम नसताना 'काम होतं' म्हणून फोन करणं तिला जमणारं नव्हतं. पण फटी खऱ्या होत्या. आणि तिचं अडायचंही ते खरंच.

ती रोज एक वाटी पावडर कालवू लागली. एका वाटीत जेमतेम एक ओळ व्हायची. रोज काही ना काही विचारायचं निघायचं. किती घट्ट? रबरी पट्टी सरळ ओढू की तिरकी? स्पंजने कधी पुसू?

"तिरकी ओढ, नाहीतर भरलेलं उकरून येतं. आणि स्पंज पिळून घे, घट्ट."

"पिळला."

"आणखी पीळ. मी ओळखतो तुला."

जाऊ दारातून डोकवायची. "ताई, एक मजला बांधून होतो एवढ्यात!"

"होईल गं सावकाश," ती म्हणायची. हेही खरंच होतं.

शेवटची ओळ दाराजवळ संपली. दुसऱ्या दिवशी जाऊने आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून मुलाला अख्खी फरशी दाखवली. तो आधी हसला, मग फोन डोळ्यांजवळ नेऊन बघू लागला.

"आई, हे पट्टे कसले? एक ओळ काळपट, एक फिकी. कुठे पाणी जास्त, कुठे कमी. एका बादलीत सगळं का नाही कालवलंस? पुडक्यावर लिहिलेलं असतं, मीही हेच सांगतो गिऱ्हाइकांना!"

"वाचलं होतं मी."

"मग?"

जाऊने तिच्याकडे बघितलं आणि फोन तिच्या हातात देऊन हळूच आपल्या घरी गेली.

"एका दिवसात संपलं असतं रे," ती म्हणाली. "मग तुला काय विचारलं असतं?"

आता 'ठेवतो' म्हणेल, म्हणून तिने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आई, मी जेवण करून घेतो," तो म्हणाला. "फोन बाजूला ठेवतो, बंद करत नाही. तू... तू तुझं काम कर."

नळ सुटल्याचा आवाज आला. मग भांडं ठेवल्याचा. काहीतरी हातातून पडलं आणि तो स्वतःशीच पुटपुटला. तिने भिंतीला टेकून पाय पसरले, फोन जमिनीवर ठेवला, आणि भाजी निवडायला घेतली.